यादीतून सुटलेला शिंपी

मी भुताखेतांतला माणूस नाही. मॅक्रो, म्हणजे एक्सेलकडून आपोआप काम करून घेणाऱ्या सूचना, लिहिणारा माणूस आहे. तरी हे घडलंय. माझ्याच बाबतीत, भर दुपारी, हॉस्पिटलच्या लॅबमागच्या खोलीत.

लॅबमधल्या मावशी रक्ततपासणीचे आकडे एक्सेलच्या शीटमध्ये भरायच्या. माझा मॅक्रो तो अख्खा रकाना एका अ‍ॅरेत, म्हणजे स्वतःच्या आतल्या यादीत, उचलायचा. पोटॅशियम सहाच्या वर गेलं की हृदय बंद पडू शकतं; असे पेशंट शोधायचा. कोणाला ताबडतोब फोन करायचा, ती यादी छापायचा.

अ‍ॅरेत सगळंच यायचं. आकडे, तारखा, रिकाम्या चौकटी, शब्द. शब्द आला की तुलना अडायची आणि मॅक्रो मान टाकायचा. रोजच्या कटकटीला वैतागून मी एक ओळ घातली. आकडा नसेल, तर सोडून दे.

पुन्हा कधी अडला नाही. मीच माझी पाठ थोपटून घेतली.

मावशींची मात्र एक सवय होती. आकडा भलताच वाटला, की त्याच चौकटीत पुढे लिहायच्या...

'६.९ पुन्हा बघा.'

मॅक्रोच्या लेखी तो शब्द. दिला सोडून.

मागच्या गल्लीतल्या शिंप्याला फोन गेलाच नाही. दुसऱ्या दिवशी मशीनवर बसल्या बसल्या तो गेला.

ठपका मावशींवर आला. "आकड्यांच्या रकान्यात शब्द कशाला लिहिता?" त्यांना घरी बसवलं. निघताना मलाच म्हणाल्या, "माझ्यामुळे माणूस गेला रे."

मी तोंडात मिठाची गुळणी धरून उभा. नंतर ती ओळ गुपचूप दुरुस्त केली. लाज वाटते सांगायला, पण केली.

आठवड्याने...

शीटमध्ये एक्केचाळीस ओळी. अ‍ॅरेत बेचाळीस.

मी एकेक घटक उघडून पाहिला. आकडा. आकडा. रिकामा. आकडा. आणि शेवटचा...

'६.९ पुन्हा बघा.'

शीटमध्ये असं काही नव्हतंच. फाइलसुद्धा नवी होती.

पंख्याची घरघर थांबली. पंखा फिरतच होता...

प्रिंटर आपोआप सुरू झाला. यादीत शेवटी शिंप्याचं नाव. शेजारचा रकाना आम्ही पेनाने भरतो. तिथे छापून आलं होतं, 'फोन केला: हो.'

मग रोज तेच. दुपारी सव्वा एकला.

शेवटी ठरवलं, शिंप्याच्या बायकोला खरं सांगायचं. मावशींवरचा डाग तरी पुसला जाईल.

वहिनींनी दार उघडलं. मी एवढंच म्हणालो, "हॉस्पिटलमधून आलोय."

त्या दचकल्या. "तुमचा आवाज ओळखला मी. भाऊ, रोज सव्वा एकला फोन करता. 'त्यांना ताबडतोब घेऊन या' म्हणता. 'ते गेले हो' असं मी सांगेपर्यंत ठेवून देता. नका ना करू."

त्या घरी मी एकदाही फोन केलेला नाही.

"आणि इतकं रडत जाऊ नका," त्या हळूच म्हणाल्या. "तुमची काय चूक?"

मी न सांगताच परत आलो. मावशी अजून घरीच बसल्यात.

हे तुम्हाला सांगता आलं. त्या दोघींना नाही.