खडूच्या चौकोनातला रुमाल

हिल्डा ऑर्मरॉडने चहाचं आधण ठेवलं आणि त्या रुमालाला पुन्हा शिव्या घातल्या. ब्लॅकबर्नच्या त्या थिएटरात नाटकात लागणाऱ्या सामानाचं टेबल तिच्या ताब्यात होतं. टेबलावर खडूचे चौकोन आखलेले, एक दिव्याचा, एक खंजिराचा, एक रुमालाचा. ज्याची वस्तू त्यानेच उचलायची, दुसऱ्याने बोटही लावायचं नाही. महायुद्धाच्या दिवसांतसुद्धा हा नियम कुणी मोडला नव्हता.

आणि हे नाटक असं, की रुमालावाचून त्याचं पान हलत नाही. काळा सेनापती, त्याची गोरी बायको, आणि त्याचे कान भरणारा हाताखालचा माणूस. बायकोचा रुमाल भलत्याकडे सापडतो आणि सेनापती तिचा जीव घेतो. आजवर सेनापती व्हायचा डेस्मंड फेअरक्लॉ, तोंडाला काळं फासून. यंदा मॅनेजर एन्टविसलनी त्रिनिदादच्या, मुळातच काळ्या ऑगस्टस बातिस्तला घेतलं आणि डेस्मंडला कान भरायला ठेवलं. डेस्मंडला ते काही केल्या पचत नव्हतं.

रुमाल हिल्डानेच लाल दोऱ्याच्या वेलबुट्टीने भरला होता. घाईत एक पान वाकडं गेलं, बोटाला सुई टोचली आणि कोपऱ्यात रक्ताचा डाग पडला. दोरा तिने नेहमीसारखा दातानेच तोडला. परवा तो रुमाल नाहीसा झाला आणि आपोआप परत आला. काल पुन्हा गेला, आणि परत आला तो कोमट होता, कुणीतरी मुठीत धरून ठेवल्यासारखा. आज आलाच नाही.

"मला चुगली करायची सवय नाही, हिल्डा," डेस्मंड तिच्या बिस्किटांना हात घालत म्हणाला. "पण या लोकांची रीत वेगळी, एवढंच म्हणतो."

"कुठल्या लोकांची?"

"जाऊ दे. तू म्हणजे अगदी भोळी आहेस बघ."

हा जळतोय, हे तिला कळत होतं. तरी ते वाक्य बुटातल्या खड्यासारखं टोचत राहिलं. शेवटी वैतागून ती बातिस्तच्या खोलीत गेली आणि खुंटीवरच्या कोटात सरळ हात घातला. डेस्मंडच्या खिशात असा हात तिने कधी घातला नसता.

रुमाल तिथेच होता.

"बाई, मी त्या टेबलाकडे बोलावल्याशिवाय फिरकतही नाही," बातिस्त दारातून म्हणाला. आवाज चढवला नाही त्याने. "सगळे माझ्या हातांकडेच बघत असतात. मला ठाऊक आहे."

हिल्डाकडून हे कळताच एन्टविसलनी त्याला संध्याकाळच्या गाडीने लंडनला जायला सांगितलं. डेस्मंड शीळ घालत काळा रंग शोधायला गेला.

रुमाल जागेवर ठेवायला हिल्डा टेबलापाशी आली. चौकोनात रुमाल होता.

एक चौकोनात, एक तिच्या हातात. दोन्हींवर तेच वाकडं पान. दोन्हींवर तोच डाग.

"तू ठेवलास त्याच्या कोटात?" तिने डेस्मंडला गाठून विचारलं.

त्याचा चेहरा उतरला. "मी नुसतं बोललो, हिल्डा. हात नाही लावला. आईशपथ."

तो खरं बोलत होता, हीच तर पंचाईत होती.

गाडीला अजून वेळ होता. तिने धापा टाकत दोन्ही रुमाल एन्टविसलच्या टेबलावर टाकले. "बातिस्तला थांबवा. त्याने काही केलेलं नाही."

एन्टविसलनी चष्मा चढवला. "दोन्ही तुझ्याच हातचे."

"मी एकच भरला होता."

"मग दुसरा कुणी भरला? त्याच्या खोलीत तुझ्याशिवाय कोण गेलं होतं?" ते वैतागले. "त्याला परत बोलवायचं तर मला दुसरं नाव लागेल, हिल्डा. कुणाचं सांगतेस?"

तिने तोंड उघडलं.

"ओठाला काय लागलंय तुझ्या?"

तिने बोटाने पुसलं. लाल दोऱ्याचा तुकडा होता, ओला, दाताने तोडलेला. त्या एका रुमालानंतर सुई हातात धरल्याचं तिला आठवत नव्हतं.

तिने मूठ मिटली. "काही नाही," ती म्हणाली. "मला कुणाचंच नाव घ्यायचं नाही."

एन्टविसल पुन्हा आपल्या कामाला लागले; बातिस्तला थांबवायला कुणी गेलं नाही. मुठीतला दोरा कोमट होता.