पाणीवालीचा पेला

नेपल्समध्ये दुपारच्या जेवणानंतर दोन तास खिडक्यांच्या झडपा बंद असतात. त्या वेळी रस्त्यावर कुत्री, वेडे आणि मेलेले फिरतात, असं आमच्या म्हाताऱ्या सांगतात. त्यात मी आणखी एक जात घालते... कमी पैशांत शहर बघायला आलेले परदेशी.

त्यांना पायी फिरवणं हा माझा धंदा. फेरी फुकट, शेवटी टोपीत मनाला येईल ते टाका. बिनतिकिटाच्या जागा मला तोंडपाठ. त्यातली हुकमी जागा म्हणजे आमच्या वस्तीतल्या चर्चखालचं अस्थिघर. साथीत मेलेल्या बेवारशांच्या कवट्या तिथे भिंतीला रचून ठेवल्या आहेत. आमच्या बायका त्यातली एखादी दत्तक घेतात. तिला पुसायचं, लेसच्या रुमालावर ठेवायचं, दर सोमवारी गार पाणी द्यायचं. मग ती स्वप्नात येऊन आपली हकिकत सांगते आणि अडल्यानडल्याला धावून येते.

माझ्या रितुच्चा मावशीची अशी एक होती. आयुष्यभर रस्त्यावर लिंबाची चकती घालून पाणी विकलं, पटकी झाली तेव्हा घोटभर पाणी कुणी दिलं नाही, असं तिने मावशीला स्वप्नात सांगितलं होतं. मावशीने तिला निळ्या काठाच्या पेल्यातून चाळीस वर्षं पाणी दिलं. मलाही मावशीनेच वाढवलं. जाताना माझा हात धरून म्हणाली, "मेने, सोमवार चुकवू नकोस हं. तिला तहान लागते गं."

"नाही चुकवणार," मी म्हणाले.

तीन सोमवार पाळले. चौथ्याला पाऊस होता. मग राहूनच गेलं. तेवढ्यावर थांबले असते तरी बरं होतं. पण खरी हकिकत ऐकताना पाहुणे जांभया द्यायचे. एकदा मीच बोलून गेले, "ही बाई पाण्यात विष कालवायची. अख्खी गल्ली मारली हिने!" सगळे टवटवीत झाले. टोपीही जड झाली. तेव्हापासून मी तेच सांगत आले, कवटीकडे पाठ करून. लाज वाटायची, नाही असं नाही. पण लाजेने चूल पेटत नाही.

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. भर दुपार, सहा पाहुणे, दगडातून वाफा निघत होत्या. वाटेत सरकारी नळ लागतो. तो मी तेव्हा कुणाला दाखवायची नाही, कारण पुढे माझ्या मामेभावाची, बियाजोची, लिंबूसोड्याची टपरी आहे. गल्लीत आमच्या पावलांखेरीज आवाज नव्हता.

"पोरी... पाणी कुठे मिळेल?" मागून एक घोगरा बायकी आवाज आला.

"पुढच्या वळणावर, आजीबाई," मी न वळताच म्हणाले.

वळण आलं आणि गेलं. पुन्हा तोच आवाज, जरा जवळून. "तू म्हणालीस... पुढच्या वळणावर..."

"आता आलंच."

टपरीवर बियाजो घाम पुसत होता. "काय गं मेने, एवढंच गिऱ्हाईक? आणि तेही खिसे शिवून आलेलं!"

"टोमणे राहू दे. मागे म्हातारी आहे, तिला आधी दे."

"कुठली म्हातारी?"

मी वळले. सहा पाहुणे, सगळे विशीतले. गल्ली रिकामी. आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती बाई आमच्या गल्लीच्या बोलीत बोलत होती. पाहुण्यांना त्या बोलीतला एक शब्द येत नव्हता.

अस्थिघरात ओल्या दगडाचा आणि मेणाचा वास होता. तिथल्या दमटपणाने कवट्यांना घाम फुटतो. हा घाम म्हणजे आत्मा सुखी असल्याची खूण, असं बायका मानतात. सगळ्या चकाकत होत्या. मावशीची तेवढी कोरडी ठणठणीत, शेजारी धुळीने माखलेला पेला.

"हिची काय गोष्ट?" यागोदा नावाच्या पोलिश मुलीने विचारलं.

खरं सांगायची हीच वेळ होती. पण सवयीने तोंड चालू झालं. "ही... पाण्यात विष..."

"मी...?" माझ्या मानेजवळ कुणीतरी पुटपुटलं. "मी विष दिलं...?"

मी वाक्य अर्ध्यावर टाकून कवटीकडे वळले. यागोदाला काय वाटलं कोण जाणे. तिने फुंकर मारून पेला साफ केला आणि आपल्या बाटलीतलं उरलंसुरलं पाणी त्यात ओतलं. सोडा परवडत नाही म्हणून सकाळपासून ती ते पुरवून पीत होती.

"विषारी असो नाहीतर काही," ती म्हणाली, "तहान तर लागतच असेल."

मी भिंतीला टेकून रडले. मग सगळं खरं सांगितलं. त्या दिवशी टोपी फिरवली नाही.

तेव्हापासून एकही सोमवार चुकवलेला नाही. नळही दाखवते, गोष्टही खरी सांगते. पण दर मंगळवारी, झडपा बंद झाल्या की माझ्या दारावर टकटक होते. दार उघडावं तर उंबऱ्यावर तोच निळ्या काठाचा पेला, काठोकाठ भरलेला, बाहेरून गारव्याने घामेजलेला, वर लिंबाची ताजी चकती.

त्यात विष नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? ते विष मीच रचलेलं. तरी प्यायचा धीर होत नाही, मी पेला मोरीत ओतते, दर वेळी. आणि बंद दारापलीकडून आवाज येतो...

"पोरी... तू नाही प्यायलीस, तर दुसरं कोण पिईल?"