खऱ्यांचा वक्रांक

चंद्राच्या पलीकडच्या बाजूला, जिथून पृथ्वी कधीच दिसत नाही, तिथे श्रीरंग खरे एका सकाळी सोयाचा उपमा खाताना म्हणाला, "वा. अमृत आहे अगदी." भटारखान्याच्या यंत्राने ते ऐकलं, मनावर घेतलं, आणि पुढे महिनाभर न्याहारीला, जेवणाला आणि चहाबरोबर त्याला तेच अमृत वाढलं.

नीरव वेधशाळेत दुर्बिणींची देखभाल करायला एकच माणूस ठेवत. दोन ठेवले की भांडतात, असा अनुभव होता. श्रीरंगच्या बाबतीत ही काळजी जरा जास्तच रास्त होती. आडनाव खरे असलं, तरी सरळ वाक्य त्याच्या तोंडून निघत नसे. सांगलीत असताना कुणी लग्नाला उशिरा पोचलं की हा म्हणे, "लवकर आलात, मांडव घालायचाय अजून." भाजी खारट झाली की, "बरं केलंस, समुद्र फार लांब पडतो आपल्याला." असं बोलताना त्याची डावी भुवई किंचित वर जाई. ज्याला ती दिसे तो हसे. ज्याला दिसत नसे तो तोंड पाडून घरी जाई.

चंद्रावरून भुवई दिसायची सोय नव्हती.

भुवईच काय, आवाजही जात नव्हता. दुर्बिणी तिथे नेल्या होत्या त्या शांततेसाठी. पृथ्वीवरचा रेडिओचा गोंगाट चंद्राच्या पाठीमागे पोचत नाही, त्यामुळे विश्वाच्या लहानपणची बारीकशी कुजबुज तिथे ऐकू येते. अशा ठिकाणी माणूस तास तास गप्पा मारायला लागला तर ती कुजबुज ऐकणार कोण? म्हणून तिथे मथनी नावाचं यंत्र होतं. माणसाने पाच मिनिटं बोलावं, मथनीने त्यातून चार शब्दांचा मथितार्थ काढावा आणि तेवढाच पाठवावा. पलीकडचं यंत्र ते चार शब्द एका गोड, कुणाच्याच नसलेल्या आवाजात वाचून दाखवे.

लोणी पोचायचं, ताक राहायचं. आणि श्रीरंग सगळा त्या ताकात होता.

त्याची बायको सुनेत्रा सांगलीच्या शाळेत गणित शिकवायची. ती बोलायचीही गणितासारखी. पाहुणे "चला, निघतो आता" म्हणाले, की ती "थांबा हो" न म्हणता त्यांच्या चपला कुठे आहेत ते दाखवायची. श्रीरंगने कळवलं, "तुझ्या आमटीची आठवण कशाला येतेय, इथला लगदा काय वाईट आहे?" सुनेत्राला ऐकू गेलं, "आमटीची आठवण नाही. लगदा चांगला."

निरोपाच्या शेवटी तो सवयीने "बरं, येतो" म्हणायचा. आपल्यात निघताना येतोच म्हणतात. लहानपणी त्याच्या तोंडून कधी "जातो" निघालं तर आई धावत येऊन तोंडावर हात ठेवायची. मथनीला आई नव्हती. तिने कळवून टाकलं, "मी घरी येत आहे." सुनेत्रा रजा टाकून, एसटीने आंबा घाट उतरून, रत्नागिरीजवळच्या अवतरणतळावर डब्यात आमटी घेऊन बसली. यान उतरलं, त्यातून खडकांचे नमुने उतरले. दुसऱ्या वेळी ती आमटी न घेता गेली. तिसऱ्या वेळी तिने निरोप पाठवला, "तुम्ही आलात तरी चालेल, नाही आलात तरी चालेल."

हे ऐकून श्रीरंगची भुवई जागची हलली नाही. त्याने आयुष्यात प्रथमच वरिष्ठांकडे सरळ तक्रार केली, की तुमचं यंत्र माझं घर मोडतंय.

पुढच्या मालवाहू यानातून डॉ. फरीदा मुजावर आल्या. अर्थगणिताच्या तज्ज्ञ, मूळच्या मिरजेच्या. श्रीरंगने त्यांचं स्वागत "इतक्या लवकर कशाला आलात, घर मोडल्यावर आला असता" असं केलं, तेव्हा त्या हसल्या. चंद्राच्या त्या बाजूला श्रीरंगच्या बोलण्यावर कुणी हसल्याची ती पहिलीच वेळ.

"मथनीचा दोष नाही," त्या पेटी उघडता उघडता म्हणाल्या. "अमृत म्हणजे अमृत की शेण, हे कशावरून कळतं? आवाजावरून, चेहऱ्यावरून, आणि बोलणारा कसा आहे ते माहीत असेल तर त्यावरून. पहिल्या दोन गोष्टी इथून पाठवता येत नाहीत. तिसरी मोजता येते."

"म्हणजे मला मोजणार."

"तुमचं इथलं सगळं बोलणं साठवलेलं आहे. तुम्ही काय म्हणालात आणि मग काय केलंत, ते ताडून बघायचं. अमृत म्हणालात आणि ताट कचऱ्यात ओतलंत, म्हणजे वाक्य वक्र. शंभरात किती वाक्यं वक्र, तो तुमचा वक्रांक. अंक मोठा असला की हा वक्रोक्तिशोधक तुमचं वाक्य आधी उलटवणार, मग मथनीला देणार."

शोधक जोडला. श्रीरंगचा वक्रांक निघाला चौऱ्याण्णव.

"साठच्या वर गेलेला माणूस मी पाहिला नव्हता," मुजावर म्हणाल्या.

"कशात तरी पहिला आलो. आनंद झाला."

पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली: दुःख झालं.

"खरंच झाला होता हो," श्रीरंग म्हणाला.

"असेल. शंभरात सहा वेळा हा चुकणारच. तेवढं सांभाळून घ्या. घरून येणाऱ्या निरोपांना मात्र वेगळं काही करायला नको, तिकडेही आपोआप लागू होतं. खात्यात 'खरे कुटुंब' अशी एकच नोंद आहे."

"रेशनकार्डासारखं," श्रीरंग म्हणाला, आणि त्या हसताहेत की नाही ते बघितलं. हसल्या. दुसऱ्या दिवशी यान त्यांना घेऊन गेलं आणि त्याचं हसणारं माणूस संपलं.

पण शोधक कामाला लागला. श्रीरंग कळवे, "तू नाहीस म्हणून कसं सुटल्यासारखं वाटतंय," आणि हिरवी अक्षरं म्हणत, "तुझ्याविना अडकल्यासारखं वाटतं." स्वतःच्या मनातलं असं उघडंनागडं वाचताना तो ओशाळून इकडेतिकडे बघे. बघायला होतं कोण? भटारखान्याचं यंत्र. सुनेत्राकडून निरोप आला, "मला खरं वाटतं. घर खायला उठतं."

श्रीरंगने तो निरोप पुन्हा पुन्हा ऐकला. सव्वीस वर्षांच्या संसारात ती असं बोलली नव्हती. तिला कधी जमलं नसेल, आता जमतंय, असं त्याला वाटलं.

मग एकदा तो दुर्बिणीचा निखळलेला सांधा बसवायला बाहेर गेला. काम झालं आणि सहज वर बघितलं. तारे होते, पृथ्वी नव्हती. ती तिथून दिसत नाही हे त्याला पाठ होतं. त्या दिवशी ते कळलं. आत येऊन हेल्मेटसुद्धा न ठेवता तो मथनीसमोर बसला आणि म्हणाला, "सुनेत्रा, मला तुझी फार आठवण येते. हे मी कधी बोललो नाही."

हिरवी अक्षरं उमटली: "तुझी आठवण येत नाही. हे नेहमीच बोलतो."

गेलेला निरोप परत आणायची सोय नव्हती. उत्तर आलं, "खोटं बोललात. वाईट वाटलं."

श्रीरंग डोकं धरून बसला. सहातलं एक वाक्य त्याने नेमकं इथे खर्च केलं होतं. पण त्यातून तो धडा शिकला: बायकोशी सरळ बोलायचं असेल तर तिरकं बोलायचं. त्यात नवीन शिकण्यासारखं काही नव्हतं. फक्त आता ते ठरवून करायचं होतं. "मी इथे मजेत आहे," तो मथनीला दम भरल्यासारखं सांगे, "तुझी आठवण काढायला वेळ कुणाला आहे? आमटीचं तर नावही काढू नकोस." पलीकडे जाई, "मी इथे कष्टी आहे. सारखी तुझी आठवण येते. आमटीचं बोल." आणि एक दिवस उत्तर आलं, "उशीर करू नका. लवकर या."

तो रडला. भटारखान्याच्या यंत्राला पाण्याचा हिशेब ठेवावा लागतो, तेवढा त्याने ठेवला.

कराराची दोन वर्षं बाकी होती. मधेच सोडून जाणाऱ्याला पुन्हा घेत नसत, आणि विश्वाची कुजबुज ऐकणं हे एकच काम असं होतं की ज्याची त्याने कधी टिंगल केली नव्हती. त्याने राजीनामा दिला. मग शेवटचा निरोप सांगायला बसला. "येतो" म्हटलं तर तिला "येत नाही" ऐकू जाणार. म्हणजे तो शब्द बोलणं भाग होतं. आई जाऊन दहा वर्षं झाली होती, तरी त्याने एकदा मागे वळून बघितलं.

"मी इथेच राहतो," तो म्हणाला. "जातो."

हिरवी अक्षरं म्हणाली, "मी घरी येत आहे." उत्तर आलं, "हो. या."

अवतरणतळावर सुनेत्रा नव्हती. दोनदा फसलेली बाई तिसऱ्यांदा कशी येईल, असं मनाशी म्हणत तो एसटीत बसला. वाटेत त्याने पहिलं वाक्य घोकलं, भुवई न हलवता. सांगलीला पोचला, जिने चढला, बेल दाबली.

सुनेत्राने दार उघडलं. त्याच्याकडे बघितलं, बॅगेकडे बघितलं.

"मी येऊ नका म्हणून कळवलं होतं," ती म्हणाली.

श्रीरंग हसला. तिरकं बोलायला शिकली तर, असं वाटून त्याने तिची भुवई बघितली. भुवई जागच्या जागी होती.

मग उंबरठ्याच्या दोन बाजूंना उभं राहून दोघांनी एकेक निरोप ताडून बघितला. तिने कळवलं होतं, की तुम्ही इतकं गोड बोलताय, मला खरं वाटत नाही. तिने कळवलं होतं, की घर शांत आहे, प्रत्येक वाक्य उलगडत बसावं लागत नाही, बरं वाटतं. 'तुझी आठवण येत नाही' असा त्याचा निरोप मिळाला, तेव्हा तिने उत्तर दिलं होतं, की निदान एकदा खरं बोललात, बरं वाटलं. आणि उशीर झाला तरी चालेल, घाई करू नका. आणि शेवटी, नको, येऊ नका.

खरे कुटुंब, एकच नोंद. आयुष्यात एकही वाकडं वाक्य न बोललेल्या बाईला यंत्राने नवऱ्याचा चौऱ्याण्णव लावला होता. तिचं प्रत्येक सरळ वाक्य उलटं होऊन चंद्रावर पोचलं होतं.

"पण माझे निरोप बरोबर आले होते," श्रीरंग म्हणाला. "शब्द उलटे बोललो, अर्थ माझाच होता. तो माणूस मीच."

"असेल. मला आवडायला लागला होता तो. पण इथे ते यंत्र नाही. इथे तुम्ही आहात."

"तुला कळायचं ना पण? म्हणजे, मी बोलताना ही भुवई..."

"सव्वीस वर्षं त्या भुवईकडे बघत होते," सुनेत्रा म्हणाली. "दमले मी."

श्रीरंगने घोकलेलं वाक्य आठवलं. "मला तुझी फार आठवण आली," तो म्हणाला. हिरवी अक्षरं कुठेच उमटली नाहीत. सुनेत्रा त्याच्या भुवईकडे बघत राहिली. ती वर जाऊ नये म्हणून त्याने इतका जोर लावला होता की ती थरथरत होती.

 खालच्या मजल्यावर कुणीतरी कुकर लावला होता, त्याची शिटी झाली. उभं राहून राहून श्रीरंगला अवघडल्यासारखं झालं. त्याने बॅग उचलली आणि तोंडाला जी सवय होती तेच तोंडातून निघालं.

"बरं, येतो."

"या," सुनेत्रा म्हणाली.

आपल्यात घरात येणाऱ्यालाही या म्हणतात आणि घरातून जाणाऱ्यालाही. सुनेत्रा कधी तिरकं बोलत नसे, तिचा वक्रांक शून्य. पण शब्दच तिरका निघाला, तर माणसाने करायचं काय? ती आत निघून गेली. दार तिने लावलं नव्हतं. श्रीरंग एक पाय बुटात आणि एक बुटाबाहेर असा बराच वेळ उभा राहिला, कान देऊन, जसा तिकडे ती कुजबुज ऐकायला उभा राहायचा.