खालची कडी

घरं बघून बघून झहूरचे डोळे आंबले होते. घर तिला स्वतःला नको होतं. फेस शहराच्या जुन्या भागात तिचा चुलतभाऊ द्रिस राहत होता आणि ती त्याच्याकडेच उतरली होती. घर हवं होतं तिच्या लेकीला, घिताला. घिता पुढच्या महिन्यात नवरा आणि मुलीला घेऊन समुद्रापलीकडच्या लियोंहून येणार होती, आणि नातेवाइकांकडे राहणार नाही हे तिने आधीच सांगून टाकलं होतं.

"एखादं छानसं रियाद बघ," ती फोनवर म्हणाली होती. "जुन्या पद्धतीचं. मधे अंगण, कारंजं, संत्र्याचं झाड. आणि आई, या खेपेला तरी खोड काढत बसू नकोस."

हे शेवटचं वाक्य झहूरला बरोबर लागलं. घिताच्या लग्नाआधी तिने होणाऱ्या जावयाची चौकशी केली होती. एकदा करून थांबली असती तर निभावलं असतं. ती त्याच्या कचेरीत गेली, जुन्या घरमालकाला भेटली, मशिदीच्या इमामालाही तिने सोडलं नाही. जावई सोन्यासारखा निघाला आणि झहूर तोंडघशी पडली. तेव्हापासून लेक इकडे फिरकली नव्हती. नात पाच वर्षांची झाली. मायसा तिचं नाव. झहूरने तिला फोनच्या काचेतूनच काय ते पाहिलं होतं, तिच्या केसांवरून एकदाही हात फिरवला नव्हता. ही भेट गोडीत पार पडली तरच पुढच्या भेटी होणार होत्या. झहूरला हे इतकं कळत होतं की रात्री झोप लागत नव्हती.

पण स्वभावाला औषध नाही. झहूर रबातमध्ये कफ्तान, म्हणजे पायघोळ झगे, शिवायची. कापड उलटं करून आतली शिवण पाहिल्याशिवाय तिचं समाधान होत नसे, आणि माणसांनाही ती तोच नियम लावायची. पहिलं रियाद तिने पाहिलं, त्याच्या अंगणात कोणीतरी पोहायचं टाकं बांधून ठेवलं होतं. दुसऱ्याचा व्यवस्थापक फार गोड बोलत होता, तेवढ्यावरून ते बाद झालं.

"तुला जन्नतचं दार उघडून दिलं तरी तू आधी बिजागऱ्या तपासशील," द्रिस म्हणाला. त्याचं चामडी बाबूशांचं, म्हणजे सपातांचं, दुकान होतं आणि गिऱ्हाइकांशी बोलून बोलून जिभेला धार आली होती.

तिसरं घर घितानेच फोटो पाठवून कळवलं होतं. हे मायसाने निवडलंय, असं तिने खाली लिहिलं होतं. ढीगभर फोटोंतून पोरीने याच्यावरच बोट ठेवलं आणि ते सोडेना.

द्रिसने फोटो डोळ्यांजवळ नेला. "गल्ली तर आपलीच. माझ्या दुकानामागची. पण इथे रियाद कधी झालं? असेल बुवा. हल्ली कोंबड्यांच्या खुराड्यातही फ्रेंच लोक गाद्या टाकून झोपतात. तू हो पुढे, मी दुपारची, अस्रची नमाज उरकून येतो."

गल्ली अरुंद होती, दोन्ही बाजूंच्या भिंती वर जाऊन जवळजवळ टेकल्या होत्या. उन्हाळ्याच्या त्या दुपारीही तिथे गारवा होता. दारावर पाटी नव्हती. जुन्या दारांना असतात तशा दोन कड्या मात्र होत्या. वरची मोठी परक्यांसाठी, खालची लहान घरच्यांसाठी. दोन्हींचा आवाज वेगळा, म्हणजे आतल्या बायकांना न विचारता कळतं की डोकं झाकायचं की नाही. झहूर फेसमध्येच वाढलेली, तिला हे सांगायला नको होतं. पण वरची कडी गंजून दाराला चिकटली होती. तिने ती हलवून पाहिली. मग इकडेतिकडे बघत खालची वाजवली.

दार लगेच उघडलं. आत उभी असलेली बाई दारामागेच थांबली होती की काय, असं झहूरला वाटलं. बाईचं वय सांगता येत नव्हतं. स्वच्छ पांढरा पोशाख, हाताला ताजी मेंदी.

"ये गं," ती म्हणाली. "मी तामू. घरची थाप दिलीस, तेव्हा नाव विचारत नाही."

"वरची कडी हलेना, लल्ला," मोठ्या बाईला आदराने हाक मारावी तशी झहूर म्हणाली. "मी परकी आहे. खोल्या बघायला आले."

"आता कसली परकी," तामू म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं.

अंगण पाहून झहूर उंबऱ्याशीच थबकली. रंगीत फरशी एकही तुकडा न हललेली, देवदाराच्या कोरीव झरोक्यांना अजून लाकडाचा वास, कारंज्यातून पाणी इतकं हळू पडत होतं की कान दिल्याशिवाय ऐकू येऊ नये. संत्र्याच्या झाडाला फळं लगडली होती. घिताला नेमकं हेच हवं होतं. झहूरने मनाशी ठरवलं, आज खोड काढायची नाही.

तरी डोळे आपलं काम करत राहिले. झाडाखाली एक वाळकं पान नव्हतं. कारंज्यावर चिमणी नव्हती. फेसमध्ये अंगण असलं की चिमण्या असतात, मांजरं असतात, कोपऱ्यात कुठेतरी त्यांनी केलेली घाण असते. इथे काहीच नव्हतं. नशीब समज, तिने स्वतःला बजावलं, स्वच्छता बघूनही नाक मुरडणारी तूच एक.

वरच्या सज्जात कोणीतरी लंगडी घातल्यासारखं उड्या मारत गेलं. हलकी पावलं होती, लहान मुलाची.

"पाहुणे उतरलेत का?" झहूरने विचारलं.

"नाही. बस, चार घास खाऊन घे."

घासाला नाही म्हणणं वाईट दिसलं असतं. तामूने मातीच्या ताटात कोंबडी आणून ठेवली. केशराचा वास दरवळला. झहूरने पावाच्या तुकड्याने पहिला घास घेतला आणि तो गिळेपर्यंत तिच्या लक्षात आलं की यात मीठ नाही. कमी पडलंय असं नव्हे. मुळात घातलेलंच नाही.

"लल्ला... मीठ राहिलं वाटतं."

"मीठ आम्ही घरात आणत नाही," तामू शांतपणे म्हणाली. "घरच्यांना चालत नाही."

झहूरचा हात ताटावरच थांबला. फेसच्या पोरींना हे कोणी शिकवत नाही, आईच्या हाताखाली आपोआप कळतं. जागेचे जे खरे मालक असतात, ज्यांचं नाव कोणी मोठ्याने घेत नाही, त्यांच्यासाठी घास काढायचा तर तो अळणी. मिठाचं त्यांना वावडं. माणसासाठी कोणी अळणी रांधत नाही. आपण म्हणतो, माणसाने खाल्ल्या मिठाला जागावं; ज्या घरात मीठच शिरत नाही, तिथे कोणी कोणाला कशाला जागेल?

आजारी माणूस असेल घरात, तिने मनाला समजावलं. रक्तदाब असेल. सहा वर्षांपूर्वी असाच संशय घेऊन हातची लेक घालवलीस, आता नात घालवतेस का?

"मायसाची खोली बघून घे," तामू म्हणाली.

झहूरने नातीचं नाव घेतलं नव्हतं. घिताने कळवलं असेल, ती मनात म्हणाली. हातातला पाव तिने ताटात ठेवला आणि ती उठली.

खोली अंगणालगतच होती. छोटा पलंग, शुभ्र चादर. चादरीवर लहान मुलीचा पिस्ता रंगाचा कफ्तान पसरून ठेवला होता. झहूर तो ओळखायला वाकली नाही. स्वतःच्या हाताचा टाका माणूस दारातूनही ओळखतो. हाच कफ्तान ती मायसासाठी शिवत होती. उजव्या बाहीची गोट अजून राहिली होती, आणि आज सकाळी तो तिने द्रिसच्या घरी पिशवीत घालून ठेवला होता. इथेही उजव्या बाहीला गोट नव्हती.

लेकरांच्या कपड्याच्या घेरात झहूर नेहमी चिमूटभर मीठ शिवून टाकायची. तिची आई टाकायची, म्हणून तीही. तिने घेर बोटांनी चाचपला. एका जागी धागा नीट कापलेला होता. आतलं मीठ काढून घेतलं होतं.

"बघ, बरोबर बसेल ना?" तामू तिच्या मागे उभी राहून म्हणाली. "थोडं टोचत होतं... तेवढं काढलं."

सज्जातली पावलं जिन्याच्या तोंडाशी येऊन थांबली. झहूरने वर पाहिलं नाही. वर पाहिलं तर आपण इथून निघणार नाही, एवढंच तिला कळलं. अंगण ओलांडून ती दारापर्यंत कशी आली, अडसर कसा काढला, तिला आठवत नाही. तामू मागे धावली नाही. तिने हाकही मारली नाही.

द्रिस घरी पोचलेला होता. "तुला त्या गल्लीत शोधून आलो," तो म्हणाला. "कुठल्या दारात शिरली होतीस? काय झालं? टाक्यात कोणी पोहत होतं का?" झहूरने पिशवी ओढली. कफ्तान घडीत तसाच होता. तिने घेर उलटा केला. धागा कापलेला होता, आत मीठ नव्हतं.

तिने घिताला फोन लावला. "ते घर नको. दुसरं बघू. नाहीतर... नाहीतर या खेपेला येऊच नका."

"मला वाटलंच होतं," घिता म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त जिव्हारी लागलं. "तुझं मन कधी साफ होणारच नाही, आई. नाही येत आम्ही."

"तू त्या लोकांना मायसाचं नाव कळवलं होतंस का? तेवढं सांग."

"मी कोणाला कशाला कळवू? घर बघायला तू जाणार होतीस ना. थांब, ही बघ उठली. दुपारभर इतकी गाढ झोपली होती, हलवूनही उठेना. बोल तिच्याशी. परत कधी बोलशील कोणास ठाऊक."

झहूरच्या डोळ्यांना धार लागली होती. लेक गेली, पण पोर वाचली, असं ती स्वतःला सांगत होती.

"आजी," मायसा म्हणाली. आवाज झोपाळू होता. "तू आलीस आणि मला न भेटताच गेलीस."

"कुठे गं बाळा..."

"मी वरून बघत होते. तू वर बघितलंच नाहीस. आई म्हणते आता जायचं नाही. पण मी तर इथेच आहे. मला घ्यायला कधी येतेस?"

झहूरने फोन द्रिसपुढे धरला. द्रिसने तो कानाला लावला, पोरीला हसवायचं म्हणून तोंड उघडलं, आणि तसाच थांबला. बाहेर सूर्यास्ताची, मगरिबची बांग सुरू झाली होती. दुकानामागच्या त्याच गल्लीतल्या मशिदीचे बांग देणारे आता थकले होते, दर दुसऱ्या ओळीवर त्यांचा आवाज चिरकायचा. द्रिस त्यांची रोज नक्कल करायचा.

त्याने उठून खिडकी घट्ट लावली. बाहेरचा आवाज दबला. फोन त्याने अजून कानालाच धरला होता.

"झहूर," तो हळूच म्हणाला, "लियोंमध्ये आता बांग होते का गं?"

"नाही."

द्रिसने फोन तिच्या कानाला लावला. खिडकी बंद होती. फोनमध्ये बांग स्वच्छ ऐकू येत होती, आणि दुसऱ्या ओळीवर आवाज चिरकला.