साडेपाचच्या बसची नोंदवही

बसनं हेमांगीला सोनगीर गावात न नेता वर महामार्गावरच उतरवलं. तिच्यामागून आणखी एक जण उतरला.

"डेपोत काय सगळे झोपलेले असतात का?" ती ओढणीवरची धूळ झटकत चिडून म्हणाली.

"नाही हो... चहा पीत असतात," तो हसला. "मी योगेंद्र. डेपोत वाहतूक नियंत्रक आहे. बहिणीच्या लग्नाला तांब्याचा हंडा घ्यायला आलो, तर मलाही इथंच उतरवलं!"

हेमांगीला हसू आवरेना. ती गावातल्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवायची. पण संध्याकाळची गोष्ट हसण्यासारखी नव्हती. साडेपाचची बसही अशीच परस्पर पुढे निघून जायची आणि पुढच्या वाड्यांवरच्या मुली ताटकळायच्या. आठवीतल्या साक्षीच्या वडिलांनी तर निक्षून सांगितलं होतं – महिनाभरात बस गावात आली नाही, तर तिची शाळा बंद.

"मुलींनाच अर्ज करू द्या," चालता चालता हे सगळं ऐकून योगेंद्र म्हणाला. "पण रोजच्या नोंदी हव्यात. नुसत्या तक्रारीला आमचे साहेब दाद देत नाहीत."

हेमांगीनं त्याचा धडाच करून टाकला. मुली रोज वही घेऊन थांब्यावर उभ्या राहू लागल्या. तारीख, वेळ, शेरा. चौथ्या दिवशी नवलच घडलं – बस गावात आली आणि दारातून योगेंद्र उतरला! मग तो वरचेवर येऊ लागला. ड्यूटी संपली की बसमध्ये चढायचा, ड्रायव्हरला गावात वळायला लावायचा आणि दुसऱ्या गाडीनं परत जायचा. वळसा घ्यायला सहाच मिनिटं लागतात, हे त्याला साहेबांना दाखवायचं होतं म्हणे.

एवढं का करतो हा? हेमांगीला राहून राहून प्रश्न पडायचा. विचारायला जायची आणि... भलतंच बोलून बसायची.

"हंडा गळत नाही ना?"

"गळला तर बरंच... बदलायला यावं लागेल."

महिना संपायला दोन दिवस असताना मुली हेमांगीसोबत अर्ज आणि वही घेऊन डेपोत गेल्या. साहेबांनी वही चाळली, मधेच मिशीत हसले आणि बस गावातून नेण्याचा आदेश काढला. साक्षीनं तर टुणकन उडी मारली.

योगेंद्रनं वही हेमांगीपुढे धरली. साक्षीचं टपोरं अक्षर – ‘५.३४. बस आली. नियंत्रक सर उतरले. मॅडमनी केस नीट केले.’ खाली दुसऱ्या दिवशीचं – ‘बस आली नाही. सरही नाहीत. आम्ही रिक्षात बसलो. मॅडम तरी उभ्याच.’

हेमांगीचे कान तापले. "साक्षी! हे काय लिहिलंस?"

"बठ्ठं खरं शे, मॅडम!"

"सगळं खरं आहे?" योगेंद्रनं हळूच विचारलं.

आपलं म्हणणं न घाबरता मांडा, असं ती महिनाभर मुलींना शिकवत होती. आता तिच्या स्वतःवर पाळी आली होती.

"खरंय..." ती म्हणाली. "मी तुमचीच वाट बघत होते."

त्याचा चेहरा उजळला. मग तो जरा गोंधळला. "पण... उद्यापासून बस आपोआप येईल. माझं तिथं काही कामच उरलं नाही."

"मग काम नसताना या," हेमांगी म्हणाली.