सांगून गेलेला डॉक्टर

१९६२च्या थंडीत मी मालवणच्या दक्षिणेला, कर्ली खाडीकाठच्या एका गावात सरकारी दवाखान्याचा डॉक्टर होतो. मूळचा मी कोल्हापूरचा. फोंडाघाट उतरून इकडे आलो त्याला बराच काळ लोटला होता. मालवणी समजत होती, पण तोंडात बसत नव्हती. दवाखाना म्हणजे कौलारू इमारत, थोड्या खाटा, मागे माड आणि दिवसभर नाकात राहणारा सुक्या मासळीचा वास. मदतीला बाबली नावाचा कंपाउंडर. त्या वर्षी तापाची साथ हटता हटत नव्हती. मी रोगी उभ्यानेच तपासायचो, चहाही उभ्यानेच प्यायचो. बसलो तर पुन्हा उठवणार नाही, असं वाटायचं.

अशात सुगंधा दाखल झाली. चाळिशीची विधवा, जाळी विणून पोराला वाढवलेली. घाटावरच्या मोठ्या दवाखान्यात तिचं पोट उघडलं होतं आणि गाठ सगळीकडे पसरलेली पाहून तसंच शिवून टाकलं होतं. तिच्या भावाने, गणपतने, मला माडाखाली नेलं.

"डॉक्टरानू, तिका कायएक सांगू नकात. ऐकान आजच मरात."

मला त्यात वावगं वाटलं नाही. कॉलेजात आम्हाला हेच शिकवलं होतं. रोग्याची आशा काढून घेऊ नका, असं आमचे सर बजावायचे. हृदयाचे ठोके ऐकायला शिकलो, हाडांची नावं पाठ केली. मरणाऱ्या माणसाशी काय बोलायचं, हा तास कधी झालाच नाही. मी रोज तिच्या पायथ्याशी उभा राहून म्हणायचो, "सूज उतरतेय." आणि पुढच्या खाटेकडे वळायचो.

एका सकाळी तिने मला थांबवलं.

"डॉक्टरानू, माझ्या झिलाक तार करा. मुंबयक."

तिचा मुलगा धोंडू. त्याने जातीबाहेरची मुलगी केली म्हणून गणपतने त्याला घरात पाऊल टाकू दिलं नव्हतं, हे गावाला माहीत होतं.

"एवढी घाई कसली? बरी झालीस की तूच जा मुंबईला."

ती माझ्याकडे बघत राहिली. "आता कित्याक फिरतात? काल तिनसांजेक तुमीच सांगलात मां?"

"काय सांगितलं?"

"हय बसलात. माझो हात धरलात. म्हटलात, ह्या दुखणा बरा होवचा नाय, कोणाक भेटाचा आसात तर बोलवन घे. मगे किती येळ गप बसान रवलात." तिने डोळे मिटले. "माका बरा वाटला. तुमी आमच्यासारख्याच बोललात."

आदल्या तिन्हीसांजेला मी खाडीपलीकडे एका अडलेल्या बाळंतिणीकडे होतो. बाबलीही माझ्याबरोबर होता. ओहोटीत होडी रुतली आणि आम्ही परतलो तेव्हा अंधार पडला होता.

सुगंधाच्या खाटेच्या कडेला गोधडी दबलेली होती. मी हात लावला. जागा ओली आणि गार होती. बाबलीने गोधडी उन्हात टाकली. दिवस कलला तरी तेवढी जागा वाळली नव्हती.

मॉर्फियामुळे भास होतात. मी स्वतःला तेच सांगितलं आणि तार केली.

धोंडू बोटीने आला, बायको आणि तान्ह्या मुलीसह. गणपत दारात आडवा उभा राहिला. "तुमीच बोललात तिका," असं मला म्हणाला आणि शिव्या घालू लागला. आतून सुगंधाने हाक मारली, "गणपता, वाटेतसून सर रे." तो सरला. संध्याकाळी तोच सुनेला विचारत होता, "पेज घेतलंस काय गो?" पुढचे दिवस सुगंधा नातीला पोटाशी घेऊन पडून असायची. ती गेली तेव्हा सगळे जवळ होते.

मग दाजी. खाडीवर तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, चालवणारा म्हातारा, दोन्ही फुप्फुसं गेलेली. मी त्याच्याशीही खोटंच बोलत होतो. एके दिवशी त्याने माझा हात दाबला. "सांगलात ता बरा केलात."

त्याच दिवशी मी विहिरीवर हात धुऊन आत येत होतो. बाबलीने मला दारात पाहिलं. मग मान वळवून दाजीच्या खाटेकडे पाहिलं. पुन्हा माझ्याकडे. तो बाटल्या पुसू लागला. नंतर कित्येक दिवस तो माझ्या नजरेला नजर देत नव्हता.

खरं सांगायचं तर मला भीती वाटली नाही. मी फार दमलो होतो. ते काम कोणीतरी करत होतं, आणि माझ्यापेक्षा चांगलं करत होतं.

त्यानंतरच्या आठवड्यात एकदा दुपारी उशिरा जेवायला घरी गेलो. माझी बायको आनंदी उंबऱ्यावर बसली होती. डोळे सुजले होते.

"परत आलात?" ती म्हणाली.

"परत म्हणजे?"

"मघाशी येऊन बसला होतात ना."

ओसरीवर ऊन होतं. माडांत वारा नव्हता.

"मी काय म्हणालो, आनंदी?"

"अर्धं मला कळलंच नाही. इथल्या माणसांसारखं बोलत होतात. माझा हात धरला होतात."

"पण काय म्हणालो?"

ती उठली. पाट मांडला, पाणी ठेवलं.

"फार दुखतं का हो?"

मला काहीच दुखत नव्हतं. मी तसं सांगितलं.

तिने मान हलवली. मी पाटावर बसलो. तिने भात वाढला, वर बांगड्याची आमटी. मग माझ्यासमोर बसली, माझं ताट स्वतःकडे ओढलं आणि लहान मुलाला भरवताना काढतात तसे एकेक काटे काढू लागली.