सेंगकांगमधलं बारसं

तन्मय, तिकिटांचं उद्या बघू. जाई, तूही बस. लग्नानंतरची पहिली मोठी सहल माल्ट्याला, बेत झकास आहे. निळंशार पाणी, रात्रभर नाचगाणी, आणि सकाळी डोळे उघडले तर बघायला हजारो वर्षांची देवळं. गाड्या आपल्या सिंगापूरसारख्या डावीकडून चालतात, प्लगसुद्धा तीन पिनांचेच. परक्या मुलखात आलोय असं वाटतच नाही म्हणे. हे मला माझ्या जुन्या मित्राने, निशिकांतने सांगितलं. त्याची भाची ऋता आणि तिचा नवरा विक्रांत २००७च्या जूनमध्ये तिथे जाऊन आले.

मी पस्तीस वर्षं बँकेत काढली. सही जुळल्याशिवाय कुणाचं खरं मानत नाही. पण निशिकांतचा हात मी डोळ्यांनी पाहिलाय.

तर गेल्या वर्षी, आठ मार्चला, शनिवारी ऋताच्या मुलाचं बारसं होतं, त्यांच्या सेंगकांगच्या फ्लॅटमध्ये. सकाळी निशिकांतवर एकच काम सोपवलं होतं, लिटिल इंडियातून वरवंटा आणायचं. बारशाला आधी वरवंट्याला आंगडं-टोपडं घालून पाळण्यात ठेवतात आणि मग बाळाला, हे तुम्हाला ठाऊक असेलच. जी काय इडापिडा असेल ती दगडावर जावी, एवढाच त्यातला हेतू. मिक्सरच्या घरात वरवंटा कुठला असायला? दुकानदार म्हणाला, पाट्यासकट घ्या, सुटा देणार नाही. बारा किलोचं ते धूड एमआरटीच्या गाडीतून कोण आणणार? निशिकांत जन्माचा आळशी. घुगऱ्यांचे हरभरे आणि चार गजरे घेऊन परत आला. त्या आळसाबद्दल तो आजही स्वतःला शिव्या घालतो, आणि मी त्याला अडवत नाही.

विक्रांत म्हणाला, "मामा, जाऊ द्या हो. आपल्याकडे आहे की दगड. माल्ट्याचा."

त्या दगडाचं असं झालं होतं. सहलीच्या शेवटच्या रात्री हे दोघं डिस्कोमधून पहाटे बाहेर पडले आणि तसेच समुद्राकडे चालत निघाले. वाटेत एका शेतात पडकं देऊळ लागलं. ना पाटी, ना रखवालदार. आत एका कोनाड्यात हा दगड होता, वरवंट्याएवढा, गुळगुळीत, कुणीतरी नीट निजवून ठेवल्यासारखा. विक्रांतने तो उचलून पिशवीत टाकला. मागून एक म्हातारी ओरडत आली. दोन्ही हात छातीशी धरून ती बाळ जोजवल्यासारखे हलवत होती. ऋताला वाटलं, आशीर्वाद देतेय. महिन्याभरात दिवस गेल्याचं कळलं आणि दगडाला शोकेसमध्ये मानाची जागा मिळाली. भोळेपणाला औषध नसतं, बाबांनो.

बारशाला घर भरलं होतं. पाळणा म्हणजे इथली ती झोळी. लोखंडी चौकट, वर स्प्रिंग, तिला टांगलेलं सारोंगचं कापड. विक्रांतची बहीण पुण्याला, म्हणून आत्या म्हणून शेजारची सुनेत्रा उभी राहिली. आधी दगड झोळीत ठेवला. सुनेत्राला गंमत सुचली. ती वाकली आणि ठरलेलं नाव दगडाच्याच कानात सांगून मोकळी झाली. अनीश. बायका हसल्या, तिच्या पाठीत धपाटे बसले. मग बाळाला ठेवलं आणि तेच नाव त्याच्या कानात सांगितलं. नाव एक आणि धनी दोन झाले, पण घुगऱ्या खाण्याच्या नादात ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

दगड आंगड्या-टोपड्यासकट शोकेसमध्ये परत गेला.

दुसऱ्या दिवसापासून ऋता "अनीश" म्हणून बाळाला हाक मारायची आणि शोकेसची काच वाजायची. टक्. बुधवारी बाळाच्या दंडावर काळानिळा वळ उठला. डॉक्टरीणबाईंनी ऋताकडेच संशयाने पाहिलं. पोरगी घाबरली. तिची आई पुण्याहून रविवारी यायची होती, तोवर निशिकांत तिथे मुक्कामाला गेला.

शुक्रवार, चौदा मार्च. रात्रीचे दोन वाजून वीस मिनिटं.

निशिकांत हॉलमध्ये सोफ्यावर झोपला होता. बाळाची झोळी तिथेच. स्प्रिंगच्या आवाजाने त्याला जाग आली. किर्र… किर्र… झोळी हलत होती. पण फार खाली आली होती. फरशीला टेकायच्या बेतात. चार किलोच्या पोराने एवढी…?

त्याने वाकून पाहिलं. आत टोपडं होतं. टोपड्यात दगड.

मग बाळ…?

त्याने शोकेसकडे पाहिलं. काच बंद. आत, दगडाच्या जागेवर, बाळ. उघडंनागडं. ओठ निळे.

काच सरकेना. त्याने मूठ मारली. एकदा. दोनदा. काच फुटली. मनगटापासून कोपरापर्यंत हात फाटला. तशाच हाताने त्याने पोर बाहेर ओढलं. ते रडलं. आवाजाने विक्रांत धावत आला, मागोमाग ऋता. विक्रांतने झोळीत हात घातला.

दगड त्याच्या तोंडावर आला. दात तुटले. दुसरा घाव डाव्या डोळ्यावर. विक्रांत पडला. मग छातीवर. बरगडी मोडल्याचा आवाज निशिकांतने ऐकला. पुन्हा. पुन्हा. मारणारा कुणी नव्हता… नुसता दगड वर जायचा. खाली यायचा. भिंतीवर रक्त.

मग थांबला.

वळला. निशिकांतच्या हातातल्या बाळाकडे.

ऋता मध्ये उभी राहिली. तिने हात पसरले.

"अनीश," ती म्हणाली. "ये बाळा. आईकडे ये."

…

दगड तिच्या खांद्याशी येऊन टेकला. ती थोपटत राहिली. फरशीवर नवरा विव्हळत होता, मामाच्या हातातून रक्त गळत होतं, आणि ती थोपटत राहिली. अँब्युलन्स आली तरी तिने तो खाली ठेवला नाही.

पोलिसांना सांगितलं, शोकेस अंगावर कोसळलं. विक्रांतचा डावा डोळा गेला. निशिकांतच्या हाताला एकतीस टाके पडले. बाळ वाचलं. त्याचं नाव बदलून मुकुल ठेवलं. आठवड्याने चांगीहून होडी करून त्यांनी दगड खोल पाण्यात सोडला. ऋताने स्वतःच्या हाताने सोडला आणि ती ढसाढसा रडली. म्हणाली, "मामा, नाव तर आपणच दिलं होतं ना त्याला."

झालं. आणि एवढंच असतं तर मी तुम्हाला अडवलं नसतं.

त्या रात्री ऋताच्या खांद्यावर, दगड टेकला होता तिथे, दोन बारीक खुणा उमटल्या होत्या. शेजारी शेजारी. तान्ह्याला पहिले दोन दात येतात ना, तेवढ्याच. डॉक्टर म्हणाले, भरून येतील.

भरल्या नाहीत. या वर्षीच्या पाडव्याला त्या आठ झाल्या होत्या.

परवा दिवाळीत निशिकांत आला होता. मी विचारलं. तो म्हणाला, "आता सोळा आहेत."